परदेशची कमाई आणि गावचा हिसाब

आमचे कापडाचे गोदाम भाड्याच्या जागेत आहे. जागा आमच्या मावसभावाची. तो ए.सी. मिस्त्री असून गेली बारा वर्षे जेद्दाहला कामावर आहे. भाडे महिना १२,००० रुपये. दर महिन्याच्या पाच तारखेला आम्ही ते त्याच्या खात्यात भरत होतो आणि खातेवहीत लिहून ठेवत होतो. तीन वर्षे असे चालले. यात काही चुकत आहे असे आमच्या मनातही आले नाही.

पुढे बँकेच्या कर्जासाठी कागद तयार करायचे म्हणून नव्या सी.ए. साहेबांना वह्या दाखवल्या. त्यांनी भाड्याच्या पानावर बोट ठेवून विचारले, "जागेचे मालक राहतात कुठे?" आम्ही म्हणालो, "जेद्दाहला." ते म्हणाले, "मग भाडे देताना कर का कापला नाही?"

तेव्हा आम्हाला कळले की मालक परदेशी राहत असेल तर भाडेकरूने पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावरचा उपकर मिळून ३१.२ टक्के कर कापून सरकारात भरावा लागतो. मालक गावात राहणारा असता तर एवढ्या भाड्यावर एक पैसाही कापावा लागला नसता. महिन्याला ३,७४४ रुपये, वर्षाला ४४,९२८ रुपये. तीन वर्षांचे झाले १,३४,७८४ रुपये. न कापलेल्या करावर महिना एक टक्का व्याज वेगळे. शिवाय असे भाडे दुकानाच्या खर्चात धरता येत नाही, ते निराळेच.

यात खरी दुःखाची गोष्ट पुढे आहे. भावाचे हिंदुस्थानातले उत्पन्न म्हणजे हे वर्षाचे १,४४,००० रुपये भाडे, एवढेच. ते करमुक्त मर्यादेच्या आत होते. म्हणजे त्याच्यावर कर शून्य होता. आम्ही कर कापला असता तर विवरणपत्र भरून त्याला तो सगळा परत मिळाला असता. त्याने वेळेवर विवरणपत्रे भरली असती तरी आमची सुटका झाली असती. दोघांनी काहीच केले नाही. एका वर्षाचे काम त्याच्या उशिराच्या विवरणपत्रावर निभावले. बाकी दोन वर्षांचे ८९,८५६ रुपये आणि व्याज आमच्या गल्ल्यातून गेले. त्यावरून दोघांत शब्द झाले. दोन ईदा फोनसुद्धा झाला नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ आहेत. कुणाचा मुलगा रियाधला, कुणाचा जावई दुबईत, कुणाचा भाऊ मस्कतला. गवंडी, सुतार, वेल्डर, ड्रायव्हर, शिंपी. तिकडे कष्ट करणारा समजतो की आपल्याला कर नाही. इकडचा समजतो की परदेशच्या माणसाचे काय ते तो पाहील. दोघांच्या मध्ये हिसाब राहून जातो. म्हणून आम्ही जे ठेच लागून शिकलो ते बांधवांपुढे मांडत आहोत.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होण्याचे ठरले. त्यात कलमांचे क्रमांक बदलले. म्हणून आम्ही येथे क्रमांक देत नाही, फक्त नियम सांगतो.

दोन मुलखांचा हिसाब

आमच्या भागाला दोन मुलखांचा हिसाब नवा नाही. १९४८ पर्यंत धाराशिव निजामाच्या राज्यात होते आणि शेजारचे बार्शी इंग्रजांच्या मुलखात. आमचे आजोबा बार्शी-सोलापूरहून कापड आणत. हद्दीवर निजाम सरकारचा करोडगिरी नाका असे. तेथे जकात भरल्याशिवाय गाठ पुढे सरकत नसे. तिकडे कलदार रुपया, इकडे हाली शिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार असा साधारण भाव. आजोबा एकाच वहीत दोन रकाने ठेवत, एक कलदारचा, एक हालीचा. दोन्हींची सरमिसळ त्यांनी कधी होऊ दिली नाही.

आज परदेशी कमावणाऱ्याच्या घरात हेच करायचे आहे. तिकडची कमाई वेगळ्या रकान्यात, इकडची वेगळ्या रकान्यात.

कर कशावरून ठरतो

जगात दोन रीती आहेत. अमेरिकेची रीत अशी की नागरिक जगात कोठेही राहो, त्याने आपल्या सरकारला सगळ्या कमाईचा हिसाब द्यायचा. त्यांच्या यादवी युद्धाच्या काळात ही रीत सुरू झाली आणि आजही आहे. आफ्रिकेतला इरिट्रिया हा छोटा देशही परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांकडून २ टक्के घेतो. बाकी जवळपास सगळे देश माणूस राहतो कोठे, हे पाहतात.

आपल्या देशाची रीत राहण्यावर आहे. पासपोर्ट हिंदुस्थानी आहे, रेशनकार्डावर नाव आहे, म्हणून परदेशच्या पगारावर येथे कर बसत नाही. त्या कर वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्चमध्ये, तो माणूस देशात किती दिवस होता हे पाहिले जाते. अनिवासी ठरला तर तिकडचा पगार येथे करमुक्त. मात्र येथले भाडे, दुकानाचा नफा, जागा विकून झालेला फायदा यावर कर येथेच लागतो. येथे कमावलेल्यावर कर येथे, मग मालक चंद्रावर राहो.

दिवस मोजावे कसे

सर्वसाधारण नियम असा. नोकरीसाठी परदेशी असलेला हिंदुस्थानी नागरिक सुटीवर आला आणि एका कर वर्षात त्याचे येथले दिवस १८२ च्या आत राहिले, तर तो अनिवासी राहतो. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरून मोजावे, म्हणजे वाद राहत नाही.

एक उदाहरण घेऊ. एक जण १ एप्रिलला आला आणि ३० सप्टेंबरला गेला. दिवस झाले १८३. तो निवासी ठरला. तोच २८ सप्टेंबरच्या विमानाने गेला असता तर १८१ दिवस भरले असते आणि तो अनिवासी राहिला असता. दुसरा १० जानेवारीला आला आणि २० जुलैला गेला. तो १९२ दिवस राहिला, पण त्यातले ८१ दिवस एका वर्षात आणि १११ दिवस दुसऱ्या वर्षात पडले. तो दोन्ही वर्षी अनिवासी. म्हणून तिकीट काढताना भाड्याबरोबर कॅलेंडरही पाहावे.

पहिल्यांदा नोकरीला जाणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. २८ सप्टेंबरपर्यंत गेला तर त्याच वर्षापासून अनिवासी होतो. ऑक्टोबरात गेला तर त्या वर्षी त्याचे येथले दिवस १८२ च्या वर भरतात. मग ऑक्टोबर ते मार्चचा तिकडचा पगारही येथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. कर बसेल किंवा न बसेल, दाखवणे भाग आहे.

व्यापारी घराण्यांसाठी आणखी एक अट आहे. ज्याचे हिंदुस्थानातले उत्पन्न वर्षाला १५ लाखांच्या वर आहे, त्याला २०२०-२१ पासून १८२ ऐवजी १२० दिवसांची मर्यादा आहे. मागच्या चार वर्षांत मिळून त्याचे येथले दिवस ३६५ किंवा जास्त असतील तर ती लागू होते. शिवाय १५ लाखांच्या वर येथले उत्पन्न असून जो कोणत्याही देशात कर भरण्यास पात्र नाही, असा नागरिक एक दिवसही न येता येथला निवासी मानला जातो. अशा दोघांनाही 'निवासी पण सामान्य निवासी नाही' असा मधला दर्जा मिळतो. त्यात तिकडच्या पगारावर कर येत नाही. परंतु तिकडचा धंदा येथे बसून चालवला जात असेल, तर त्याचा नफा येथे कराच्या हिसाबात येतो. दुबईत दुकान आणि मालकाची गादी येथे, अशा बांधवांनी सल्ला घेतल्याशिवाय राहू नये.

तीन खाती

परदेशी नोकरीला गेल्यावर जुने बचत खाते जसेच्या तसे चालू ठेवणे नियमाला धरून नाही. फेमा कायदा २००० सालापासून लागू आहे. त्याप्रमाणे नोकरीसाठी गेलेला माणूस लगेच अनिवासी होतो आणि बँकेला तसे कळवावे लागते. मग खाती अशी ठेवावीत.

पहिले एन.आर.ओ. खाते. जुने खाते याच्यात बदलून मिळते. येथले भाडे, येथली जुनी वसुली यात जमा करावी. यावरील व्याजावर ३१.२ टक्के कर कापला जातो. ज्या देशाशी करार आहे तेथल्या सरकारचा कर-रहिवासी दाखला दिल्यास दर कमी होतो.

दुसरे एन.आर.ई. खाते. तिकडून पाठवलेली कमाई यात ठेवावी. अनिवासी असेपर्यंत याच्या व्याजावर येथे कर नाही. मुद्दल आणि व्याज दोन्ही केव्हाही परत तिकडे नेता येतात.

तिसरे एफ.सी.एन.आर. ही परकी चलनातली मुदत ठेव, एक ते पाच वर्षांची. रुपया घसरला तरी यातली रक्कम घसरत नाही.

येथे आपल्या लोकांचा एक प्रश्न असतो. आम्ही व्याज घेत नाही, ते बिननियतीने गरिबाला देऊन टाकतो, तर त्यावर कर कसा? कायदा एवढेच पाहतो की रक्कम तुमच्या खात्यावर जमा झाली. बँक ती आयकर खात्याला कळवते आणि तुमच्या वार्षिक माहिती पत्रकात ती दिसते. पुढे तुम्ही तिचे काय केले, याच्याशी हिसाबाचा संबंध नाही. म्हणून विवरणपत्रात ती दाखवावीच. ज्यांना व्याजाचा संबंधच नको, त्यांनी एन.आर.ई. चालू खाते उघडावे. चालू खात्यावर व्याज मिळत नाही. भरलेला कर जकातीत धरायचा की नाही, हे उलेमांना विचारावे. तो आमचा विषय नाही.

जुना पी.पी.एफ. असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतो, नवा उघडता येत नाही. पोस्टाच्या नव्या बचत योजनाही अनिवासी माणसाला मिळत नाहीत. पॅनकार्डाचेही पाहून घ्यावे. आधारशी न जोडलेली पॅनकार्डे १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाली. अनिवासी माणसाला जोडणीची सक्ती नाही, पण आयकर खात्याच्या नोंदीत तो अनिवासी म्हणून असला पाहिजे. नोंद नसेल तर पॅन बंद पडते आणि कर चढ्या दराने कापला जातो.

घरी पाठवलेला पैसा

मुलाने आईबापाला, भावाने भावाला, पतीने पत्नीला कितीही रक्कम पाठवली तरी घेणाऱ्यावर कर नाही. ती जवळच्या नात्यातली भेट धरली जाते. मित्राने किंवा कायद्याच्या यादीत नसलेल्या नातेवाइकाने वर्षात ५०,००० च्या वर दिले तर मात्र ते घेणाऱ्याचे उत्पन्न ठरते. चुलतभाऊ आणि मावसभाऊ त्या यादीत येत नाहीत, हे आपल्या मोठ्या कुटुंबांनी लक्षात ठेवावे.

पत्नीला दिलेल्या पैशातून जागा घेतली आणि तिचे भाडे येऊ लागले, तर ते भाडे पतीच्या उत्पन्नात धरले जाते. आईवडिलांना दिलेल्या पैशावरची मिळकत आईवडिलांचीच राहते.

पाठवण्याचा मार्ग मात्र बँकेचा असावा. हुंडी-हवाल्याने दोन पैसे जास्त मिळतात आणि घरपोच मिळतात, म्हणून पुष्कळ जण त्या वाटेने जातात. फेमाखाली रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठे नुकसान पुढे होते. दहा वर्षांनी त्या पैशातून घर बांधले की खाते विचारते, पैसा आणला कोठून? बँकेने आला असता तर एका पासबुकाने उत्तर झाले असते. हवाल्याच्या पैशाला कागद नसतो. मग घामाची हलाल कमाई स्पष्टीकरण नसलेले उत्पन्न ठरते आणि त्यावर चढ्या दराने कर बसतो. कमाईवर तिकडे कर नव्हता, इकडेही नव्हता. कागद नसल्यामुळे तो लागला.

जागेचा व्यवहार करणाऱ्यांनी

हा भाग दुकानदार बांधवांनी नीट वाचावा. येथे बोजा परदेशच्या माणसावर नसून आपल्यावर आहे.

गावातल्या माणसाकडून ५० लाखांच्या आतली जागा घेतली तर खरेदीदाराला कर कापावा लागत नाही. विकणारा अनिवासी असेल तर रक्कम कितीही असो, कर कापावा लागतो. समजा, भावाने ८ लाखांना घेतलेला प्लॉट काही वर्षांनी २० लाखांना विकला. २३ जुलै २०२४ पासून दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या जागेच्या फायद्यावर १२.५ टक्के दर आहे. फायदा १२ लाख, त्यावर उपकरासह कर १,५६,००० रुपये. पण खरेदीदाराला फायदा किती, हे कळायला मार्ग नसतो. तो सगळ्या २० लाखांवर कापतो, म्हणजे २,६०,००० रुपये. वरचे १,०४,००० रुपये विवरणपत्र भरून परत येईपर्यंत अडकून पडतात. यावर उपाय असा की विकणाऱ्याने साठेखताआधीच आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला काढावा. त्याला वेळ लागतो, म्हणून गिऱ्हाईक दारात आल्यावर धावपळ करू नये. मागाहून भरपाई भरायची नसेल तर खरेदीदाराने विकणारा कोठे राहतो हे विचारून इसारपावतीवरच लिहून घ्यावे.

इसार किंवा बयाणा रोखीने देताघेताना सावध राहावे. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच आहे.

शेतजमिनीचा नियम तर फार जणांना माहीत नाही. अनिवासी माणसाला घर, दुकान, प्लॉट घेता येतो, पण शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. जाण्याआधीची किंवा वारशाने आलेली जमीन ठेवता येते. परदेशच्या पैशातून कळंब किंवा उमरग्याकडे दोन एकर घेऊन सातबाऱ्यावर आपले नाव लावण्याचा विचार असेल, तर तो परत येईपर्यंत थांबवावा.

दुकानात भागीदारी करता येते. अनिवासी माणूस येथल्या भागीदारी दुकानात पैसा घालू शकतो, मात्र शेती, जमिनीची खरेदी-विक्री आणि छापील प्रसारमाध्यमे यांत नाही. दुकान एकट्याच्या नावावर असेल तर आणखी एक फरक पाहावा. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर निवासी माणसाला सवलतीमुळे कर लागत नाही. ती सवलत अनिवासी माणसाला नाही. ८ लाख नफ्यावर गावातल्या दुकानदाराचा कर शून्य. तोच नफा जेद्दाहच्या भावाच्या नावावर असेल तर २०,८०० रुपये. म्हणून दुकान चालवतो कोण आणि नाव कुणाचे, हे आधीच नीट ठरवावे. नाव एकाचे आणि मालकी दुसऱ्याची, असे करून मात्र कर वाचवू नये. ते बेनामी होते आणि वारसांत भांडणे लावते.

परत येताना

नोकरी कायमची नसते. सौदी सरकारने जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी लावली. ती वाढत २०२० मध्ये ४०० झाली. त्याच वर्षी तेथे विक्रीवरचा कर ५ वरून १५ टक्के झाला. पगारावर कर नसला तरी खर्चातून तो जातोच. ओमाननेही २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के कर लावण्याचा कायदा २०२५ मध्ये केला. आपले कारागीर त्या मर्यादेच्या खूप खाली आहेत, पण वारा कोठून वाहतो हे कळावे.

तिकडे आपल्या कामगारांना येथल्यासारखे पेन्शन नाही. नोकरी सुटताना हक्काची रक्कम मिळते. सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्धा महिना आणि पुढे दर वर्षाला एक महिना पगार, असा हिसाब आहे. राजीनामा दिल्यास ती कमी होऊ शकते. अमिरातीत पहिली पाच वर्षे मूळ पगाराचे २१ दिवस, पुढे ३० दिवस. ही रक्कम निघण्याआधी, अनिवासी असतानाच पदरात पाडून घ्यावी. आल्यावर हीच म्हातारपणाची पुंजी आहे. ती लग्नात आणि गाडीत उडवू नये. एक भाग वर्षभराच्या घरखर्चासाठी, एक हुनराच्या धंद्यासाठी आणि एक न शिवण्यासाठी, असे तीन भाग आल्या दिवशीच करावेत.

परतल्यावर बँकेला कळवून एन.आर.ई. आणि एन.आर.ओ. खाती निवासी करून घ्यावीत. कायमचे परतल्यावर एन.आर.ई.ची करमाफी संपते. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेल्याला, किंवा मागच्या सात वर्षांत येथे ७२९ किंवा कमी दिवस राहिलेल्याला, वर सांगितलेला मधला दर्जा साधारण दोन वर्षे मिळतो. त्या काळात तिकडे राहिलेल्या पैशाच्या मिळकतीवर येथे कर नसतो. नुकताच जाऊन तीन-चार वर्षांत परतलेल्याला हा दर्जा मिळत नाही.

पुढे सामान्य निवासी झाल्यावर तिकडचे बँक खाते चालू असेल तर विवरणपत्रात दाखवावेच लागते. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याने १० लाखांचा दंड होऊ शकतो. घरजमीन सोडून परदेशच्या इतर मालमत्तेची एकूण किंमत २० लाखांच्या आत असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून हा दंड लागत नाही. तरी दाखवणे सुटत नाही. अमिराती आणि सौदी ही दोन्ही सरकारे खात्यांची माहिती इतर देशांना देऊ लागली आहेत. तिकडचे कोणाला कळते, हा जमाना गेला.

अमेरिकेत जन्मलेला नातू

शेवटी अमेरिकेकडे परत येऊ. आमच्या ओळखीच्या एका घरात नातू शिकागोत जन्मला आणि आईबापाबरोबर इकडे परतला. जन्मामुळे तो अमेरिकेचा नागरिक आहे. आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्याच्याकडचे ओ.सी.आय. कार्ड हे नागरिकत्व नव्हे. उद्या तो धाराशिवच्या दुकानात बसला तरी अमेरिकेला हिसाब देणे त्याला सुटणार नाही. २०२५ साठी परदेशी कष्टाच्या कमाईत १,३०,००० डॉलरपर्यंत तेथे सूट आहे आणि येथे भरलेला करही वजा मिळतो. म्हणून बहुधा देणे निघत नाही, पण कागद भरावाच लागतो. स्वतःचा धंदा केला तर त्यांचा सामाजिक सुरक्षेचा १५.३ टक्के कर या सवलतीने टळत नाही, कारण दोन देशांत त्याबद्दल करार नाही.

दुसरे असे की अमेरिकेबाहेरच्या त्याच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर ते वेगळे कळवावे लागते. न कळवल्यास दंड हजारो डॉलरचा असतो. आजोबा प्रेमाने नातवाचे नाव आपल्या ठेवीत जोडतात आणि त्या ठेवीची रक्कम नातवाच्या बेरजेत जाते. २०१५ च्या करारापासून बँका खाते उघडताना अमेरिकेशी संबंध आहे का, हे विचारून सही घेतात. तेथे खरे तेच लिहावे. अशा नातवाला खाते देण्याऐवजी वसीयत किंवा वारशाचा मार्ग जाणकाराला विचारून ठरवावा.

एक फाईल

हे सगळे लक्षात ठेवणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. खात्याचे कागद वाचताना आम्हालाही दोनदा वाचावे लागतात. म्हणून पाठांतरापेक्षा फाईल करावी. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, आणि ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. मग भावाभावातला व्यवहार लिहिला तर त्यात अविश्वास कसला?

फाईलमध्ये एवढे असावे. पासपोर्टच्या शिक्क्यांच्या पानांच्या नकला आणि दर वर्षाचे दिवस. नोकरीचा करार आणि व्हिसा. पैसे पाठवल्याच्या बँक पावत्या. भाडेकरार, खरेदीखत, सातबारा. कर कपातीचे दाखले आणि दर वर्षाच्या विवरणपत्राची पोच. साधारण ३१ जुलैपर्यंत विवरणपत्र भरावे. कर शून्य असला तरी भरावे, कारण कापलेला पैसा दुसऱ्या वाटेने परत मिळत नाही. फाईलची एक नकल परदेशच्या माणसाकडे आणि एक गावातल्या जबाबदार माणसाकडे ठेवावी. घरातल्या बायकांनाही ती कोठे आहे हे माहीत असावे. माणूस परदेशी गेला आणि तेथेच अल्लाहला प्यारा झाला, तर ही फाईलच त्यांच्या कामी येते.

आमच्या मावसभावाशी पुढे समेट झाला. तो सुटीवर आला तेव्हा दोघे मिळून सी.ए. साहेबांकडे बसलो. आता तो दर वर्षी आयकर खात्याकडून शून्य कपातीचा दाखला काढतो आणि आम्हाला पाठवतो. दाखला एकाच वर्षापुरता चालतो, म्हणून मार्चमध्येच त्याची आठवण आम्ही त्याला देतो. दाखला आला की तो भाड्याच्या पानाला टाचतो आणि मगच एप्रिलचे भाडे भरतो.